प्री-हेल्थ पदवी : आकडा कुणाचा?
अमेरिकेत ‘प्री-हेल्थ’ पदवी म्हणजे डॉक्टरकी नव्हे. मेडिकल, डेंटल किंवा फार्मसीच्या प्रवेशाची ती पूर्वतयारी. तिथल्या शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’वर अभ्यासक्रमानुसार मध्यक कमाई आणि कर्ज पाहता येतं. मात्र पुढे शिकत असलेले पदवीधर कमाईच्या हिशेबात धरलेच जात नाहीत! म्हणजे दिसणारा पगार बहुतांशी पदवीवरच थांबलेल्यांचा, भावी डॉक्टरांचा नाही. कर्जाचा आकडाही केंद्र सरकारी कर्जापुरताच. खासगी बँकेचं त्यात येत नाही. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर केंद्र सरकारी कर्ज पदवीपर्यंत सहसा ३१,००० डॉलरपर्यंतच मिळतं. खरा डोंगर पुढे आहे. जुलै २०२६पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांना सरकारी मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर.