१९६४ पूर्वीची विंचेस्टर घेताय? आधी हे बघा

अमेरिकेत शिकारीच्या जुन्या रायफलींत विंचेस्टर मॉडेल ७० ला मोठा मान. १९३६ मध्ये आलेली ही रायफल कंपनीने १९६४ मध्ये बदलली. काडतूस घट्ट पकडणारा रुंद पंजा गेला, म्हणून त्याआधीच्या नगांना आजही भाव आहे.

पण समोरची रायफल कुणी ‘सुधारलेली’ असेल तर?

🔹 दस्त्याचं टोक बघा. मूळ पत्रा काढून रबर बसवलं असेल, तर लाकूड बहुधा कापलेलं असतं. ते परत येत नाही.

🔹 दुर्बिणीसाठी जास्तीची भोकं आहेत का? पॉलिश मारताना कोरीव अक्षरांच्या कडा बोथट झाल्यात का?

🔹 सर्वांत महत्त्वाचं: नळीवर ‘.३०० एच अँड एच’ या काडतुसाचं नाव लिहिलेलं असलं, तरी काडतूस बसतं ती आतली जागा ‘.३०० वेदरबी’ या वेगळ्या काडतुसासाठी वाढवलेली असू शकते. असं काम पूर्वी सर्रास व्हायचं. जाणत्या कारागिराकडून मोजून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.

अशी बदललेली रायफल संग्रहासाठी हवी असेल, तर सरळ सोडून द्या. जंगलात वापरायची असेल, नळी स्वच्छ असेल आणि विक्रेता ‘ओरिजिनल’चा भाव लावत नसेल, तर खुशाल घ्या. ओरखड्यांची धास्ती नाही, हाच तिचा फायदा!