एकट्या दुकानदाराचा आवाज कुठवर जातो? सोलापुरी चादर, कोल्हापुरी चप्पल आणि 'मधली संस्था'



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, मी चांगली वस्तू बनवतो, मग संघटनेत कशाला जाऊ? वर्गणी भरा, मीटिंगला बसा, हातात काय पडतं?" व्हिडिओत थोडक्यात बोललो होतो, इथे नीट समजून घेऊ.

आधी माझी चूक सांगतो. दुकान नवीन होतं, बीबीए झालेलो, त्यामुळे मार्केटिंग आपल्याला येतं असा समज. स्वस्त मिळतायत म्हणून बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून चादरींचा गठ्ठा उचलला. लेबलवर 'सोलापुरी' लिहिलेलं. दोन धुण्यांत रंग गेला. पुण्याचं एक गिऱ्हाईक चादर घेऊन परत आलं आणि म्हणालं, "आता सोलापूरची चादर पण अशीच का हो?" पैसे परत दिले. पण त्या दिवशी माझ्या दुकानाबरोबर गावाचंही नाव खराब झालं. ते नाव तर माझं एकट्याचं नव्हतंच!

नाव सगळ्यांचं, मग सांभाळायचं कुणी?

इथेच मधली संस्था लागते. एका बाजूला कारागीर, दुसऱ्या बाजूला बाजार, सरकार आणि मोठे खरेदीदार. या दोघांना जोडणारी संघटना, सहकारी सोसायटी किंवा महामंडळ म्हणजे मधली संस्था. दलाल वेगळा. दलाल माल उचलतो आणि निघून जातो, संस्था नाव सांभाळते.

सोलापुरी चादर हे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळवणारं महाराष्ट्रातलं पहिलं उत्पादन. 2005-06 मध्ये चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींची नोंद झाली. आता नीट लक्ष द्या. 1999 च्या कायद्याप्रमाणे जीआय कुणा एका कारखानदाराच्या नावावर होत नाही. अर्ज उत्पादकांची संघटना, संस्था किंवा कायद्याने स्थापन झालेलं प्राधिकरणच करू शकतं. म्हणजे संघटनाच नसेल तर अर्जाला सुरुवातच होत नाही.

प्राडाची गोष्ट

जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या. आपल्या कारागिरांचा उल्लेखही नाही. सोशल मीडियावर सगळे चिडले. पण नुसतं चिडून काय होतं?

महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. काही वकील जनहित याचिका घेऊन मुंबई हायकोर्टात गेले. जुलैमध्ये ती फेटाळली गेली. कारण सोपं होतं, जीआयचे नोंदणीकृत मालक स्वतः कोर्टात आलेच नव्हते.

मालक कोण? महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर, ही दोन चर्मोद्योग महामंडळं. 2019 च्या जीआयमध्ये दोन्ही राज्यांचे चार-चार जिल्हे आहेत. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि हो, आपलं सोलापूर! डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने याच दोन महामंडळांशी करार केला. सुमारे 2000 जोड इथे बनवायचे, एका जोडाची किंमत साधारण 800 युरो.

एवढी मोठी कंपनी एकेका कारागिराच्या घरी करार करायला आली नसती. तिला सही करायला समोर एक संस्था लागते. आता त्या 800 युरोंतले कारागिराच्या हातात किती पडतात, हा प्रश्न मात्र आपण विचारत राहिलंच पाहिजे.

चांगली संस्था काय काम करते?

1. नाव नोंदवते आणि नक्कल करणाऱ्याविरुद्ध उभी राहते.
2. मोठी ऑर्डर दहा घरांत वाटून वेळेत पूर्ण करून घेते.
3. मालाचा दर्जा ठरवते आणि तपासते.
4. प्रदर्शन, प्रशिक्षण, सरकारी योजना यांची माहिती सभासदापर्यंत पोचवते.

आणि कुठे कमी पडते?

जीआय मिळून वीस वर्षं झाली तरी नकली चादरी विकल्या जातातच. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं म्हणजे काम संपलं नाही. म्हणून सभासद होण्याआधी विचारा: गेल्या वर्षी कोणती ऑर्डर मिळवली? हिशोब सभासदांसमोर ठेवता का? नकलीची तक्रार कुणाकडे करायची? उत्तर गोलगोल आलं तर घाई करू नका.

तुम्ही या आठवड्यात काय कराल?

- तुमच्या वस्तूला जीआय आहे का ते बघा. असेल तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणीची चौकशी करा. जीआयचं नोंदणी कार्यालय चेन्नईला आहे.
- जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन तुमच्या धंद्याची संघटना कोणती ते विचारा.
- संघटना नसेल तर एकच कला करणारे पाच जण एकत्र बसा. सुरुवात कच्चा माल एकत्र घेण्यापासून करा. पैसा वाचला की विश्वास बसतो.

त्या गठ्ठ्यानंतर मी एक नियम केला. चादर कुठल्या मागावरून आली हे माहीत असल्याशिवाय दुकानात ठेवायची नाही. मागवाले अण्णा आता स्वतः फोन करून सांगतात, "हा लॉट घेऊ नका, रंग बरोबर बसला नाही." अशी माणसं एकत्र आली की संस्था उभी राहते.

चला, कामाला लागा. पुढच्या व्हिडिओत भेटू!