रुमाल न सोडता

आमच्या इंदूरच्या अभ्यास मंडळाकडे एका जुन्या वाड्यातून आलेले मोडी कागदांचे रुमाल आहेत. कुणी एखादा हिशेब मागितला की चार रुमाल सुटायचे, आणि दर वेळी कागदांच्या कडांचा भुगा सतरंजीवर पडायचा. तो काही परत कागद होत नाही! मी पेशाने इंजिनियर. रुमाल न सोडता आत काय आहे ते मोबाइलवर दिसावं, म्हणून ॲप करायला घेतलं.

एनएफसी टॅग म्हणजे बॅटरी नसलेली चिप आणि तिच्याभोवती तारेचं वेटोळं. फोनच्या 13.56 मेगाहर्ट्झच्या क्षेत्रातूनच तिला वीज मिळते. फोन दोन-चार सेंटिमीटरवर न्यावा लागतो, हे आपल्या सोयीचंच. शेजारचा रुमाल सहसा मध्येच बोलत नाही.

ॲप फ्लटरमध्ये केलं. फोनच्या एनएफसीशी बोलायला त्याला प्लगिन लागतं, दरबारातला दुभाष्याच म्हणा ना. मी ‘एनएफसी मॅनेजर’ घेतलं. अँड्रॉइडच्या मॅनिफेस्टमध्ये परवानगीची एक ओळ घातली की भागतं. आयफोनवर (7 पासून पुढचे) एनएफसीची सोय वेगळी चालू करावी लागते, शिवाय टॅग कशासाठी वाचणार ते वाक्यही द्यावं लागतं. ते विसरलात तर ॲप वाचायच्या क्षणी बंद पडतं. पुढे सत्र सुरू करायचं, मजकूर घ्यायचा आणि सत्र आठवणीने मिटायचं.

माझी फसगत भलतीकडेच झाली. प्रत्येक नावाआधी रोमन ‘एम-आर’ उमटायचं. दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा कळलं: मजकुराच्या नोंदीत पहिला बाइट भाषेच्या खुणेची लांबी सांगतो, मग मराठीची दोन अक्षरी खूण येते, मजकूर त्यानंतर. पहिले तीन बाइट सोडले नि नावं स्वच्छ झाली.

दुसरी अडचण जागेची. एनटॅग 213 मध्ये 144 बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजून जेमतेम चाळीसेक चिन्हं बसतात. म्हणून टॅगवर आता फक्त रुमालाचा क्रमांक, यादी ॲपमध्ये.

कागदाला डिंक अजिबात लावला नाही. टॅग पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर, चिठ्ठी सुती दोऱ्याने गाठीला. लोखंडी कपाटाला चिकटली की टॅग वाचला जात नाही, म्हणून ती पुढे लोंबती ठेवतो. त्याच चिठ्ठीवर क्रमांक पेन्सिलनेही लिहिलाय.