स्वमग्न मूल आणि पाणी : आधी काय बघायचं, पोहणं कसं शिकवायचं



मागच्या पावसाळ्यात खिचडी वाटपाच्या वेळी माझ्या वर्गातला एक मुलगा दिसेना. दुसरीतला, स्वमग्न, फारसं न बोलणारा. हाका मारून उपयोग नव्हता, तो नावाला ओ देत नाही. मी गेटकडे पळाले. स्वयंपाकाच्या मावशी मात्र थेट शाळेमागच्या शेततळ्याकडे गेल्या. तो बांधावर उभा राहून पाण्यावरची चमक बघत होता. कागदावर पाय पडायला दोन पावलं बाकी होती.

मावशींचं बरोबर होतं. स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल दिसेनासं झालं की आधी पाणी बघायचं. विहीर, शेततळं, कॅनॉल, ओढा, घरातली उघडी टाकी. रस्ता आणि नातेवाईक नंतर. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार वर्षांपुढच्या जवळपास निम्म्या स्वमग्न मुलांनी कधी ना कधी न सांगता निघून जायचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं. म्हणजे हा काही आपल्याच मुलाचा 'वांडपणा' नाही.

पाण्याचीच ओढ का? पाण्याचा अंगावर सगळीकडून सारखा दाब येतो, त्याने बऱ्याच मुलांना शांत वाटतं. चमक, लाटा, आवाज हेही आवडतं. भीती मात्र त्या प्रमाणात नसते. आणि बुडणारं मूल ओरडत नाही, सिनेमात दाखवतात तसं हातही हलवत नाही. बोलणारं मूलसुद्धा गप्प बुडतं.

शेततळ्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर ती गावोगाव झाली. आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा, टायरची ट्यूब बांधा, कुंपण घाला. शाळेजवळ शेततळं असेल तर हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत घ्याच.

आता पोहणं. या मुलांना शिकवता येतं, पण क्रम बदलावा लागतो. हात-पाय मारण्याआधी पाठीवर तरंगणं आणि वळून काठ धरणं शिकवायचं. "पाण्यात जाऊ नको" हे वाक्य त्यांना अर्धवट पोचतं. त्याऐवजी चित्रकार्ड : थांब, मोठ्यांचा हात धर, मग पाणी. दर वेळी तेच, त्याच क्रमाने. तलावातला गोंगाट, क्लोरीनचा वास, कानात जाणारं पाणी सहन होत नसेल तर गर्दी नसलेली वेळ मागून घ्या. फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरवू नका.

आपल्याकडे भोपळा किंवा रिकामा कॅन बांधून विहिरीत सोडायची पद्धत आहे. आपण सगळे तसेच शिकलो. पण स्वमग्न मुलाच्या डोक्यात 'पाण्यात मी तरंगतो' एवढंच पक्कं बसतं, भोपळ्यामुळे तरंगतो हे नाही. मग ते भोपळ्याशिवायही उडी मारतं. तसंच, चड्डीवर शिकलेलं मूल शाळेच्या कपड्यांत तेच करेल असं समजू नका. कपड्यांसकट सराव वेगळा घ्यावा लागतो. आणि पोहता आलं तरी नजर हटवायची नाही, हाताच्या अंतरावर एक माणूस हवाच.

तरीही कोणी बुडालंच तर पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये. दोर, साडी, काठी, कळशी, जे असेल ते टाकावं. बाहेर काढल्यावर उलटं धरून फिरवणं, पोट दाबणं यात वेळ जातो आणि इजा होते. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब सुरू करा, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

आमचा मुलगा आता उन्हाळ्यात वडिलांबरोबर तलावावर जातो. पाठीवर तरंगतो. कपडे घालून मात्र अजून पाण्यात उतरत नाही, वडील दर रविवारी नुसते मोजे घालून सुरुवात करतात.