पिकअपचा फाटका आवाज

गाणं जरा मोठं केलं की दारातून फरफर सुरू. जुन्या फोर्ड एफ-१५० पिकअपच्या अमेरिकी मालकांना ती चांगलीच ओळखीची. दोष बहुधा रेडिओचा नसतो. स्पीकरच्या शंकूभोवतीची कड ऊन आणि दमट हवा खाऊन विरलेली असते. फोमची असेल तर बोट लावताच चुरा हाताला येतो.

नवी जोडी घेताना खोक्यावरच्या ‘३०० वॉट’ला भुलू नये. मूळ रेडिओ एका स्पीकरला सलग जेमतेम १५-२० वॉट देतो. बघायची ती सेन्सिटिव्हिटी! ८९ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज ९२ डेसिबलवाला निम्म्या वॉटमध्ये काढतो, म्हणजे वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च वाचतो. ओहमचा आकडा मात्र मूळ स्पीकरइतकाच हवा. कमी असला तर रेडिओ तापतो.

खिसा हलका असेल तर पुढच्या दारांचेच बदलावेत. मागे बसून ऐकतं कोण?

तारा जोडण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. शंकू बाहेर सरकला, तर सेलच्या धन टोकाला लागलेलं टोक स्पीकरचंही धन. एका दारात तारा उलट्या पडल्या, तर दोन्हीकडचा खर्ज एकमेकांना खातो आणि दोष मात्र नव्या स्पीकरवर येतो.