एका रांगेचा कारभार

संपादकांना हवी होती रेडिसच्या वेगाची गोष्ट. ती सांगणारे पुष्कळ आहेत. मला मात्र रेडिसबरोबर येणारा छोटा प्रोग्रॅम, रेडिस-सीएलआय, जास्त खुणावत होता. टर्मिनलमध्ये तो सुरू केला की ‘१२७.०.०.१:६३७९’ एवढंच लिहून येतं आणि कर्सर लुकलुकत राहतो. मेन्यू नाही, बटणं नाहीत. ‘पिंग’ टाइप करा, उत्तर येतं ‘पाँग’. म्हणजे सर्व्हर जागा आहे.

इतिहास थोडक्यात आटपू. सल्वातोरे सानफिलिप्पो हा सिसिलीचा प्रोग्रॅमर. वेबसाइटवर या क्षणी कोण आलंय, काय बघतंय, हे दाखवणारी एक सेवा तो चालवत होता. नेहमीच्या डेटाबेसला तो भार झेपेना, म्हणून २००९ मध्ये त्याने सगळा डेटा रॅममध्येच ठेवणारा सर्व्हर लिहिला, तोच रेडिस. ६३७९ हा पोर्ट म्हणजे फोनच्या बटणांवर जुळवलेलं अलेसिया मेर्झ या इटालियन टीव्ही कलाकाराचं आडनाव. सीएलआयमध्ये बाण दाबला की मागची कमांड परत येते. ते काम करणारी लाइननॉइज ही चिमुकली लायब्ररीही सानफिलिप्पोचीच.

वापरायला हे साधन अगदी सरळ. ‘सेट ओटीपी ४८२१ ईएक्स ३००’ लिहिलं की ‘ओके’ येतं आणि ती नोंद पाच मिनिटांपुरती जिवंत राहते. ‘टीटीएल ओटीपी’ विचारत राहिलं की उरलेले सेकंद कमी होताना दिसतात. मुदत संपल्यावर उत्तर येतं उणे दोन, म्हणजे अशी नोंदच नाही. उणे एक आलं तर नोंद आहे, पण तिला मुदत नाही. कॅश का फुगतेय हे शोधणाऱ्याला बऱ्याचदा हे उणे एकच सापडतं. आणखी एक बारीक सोय: स्क्रीनवर आकड्याआधी कंसात तो पूर्णांक असल्याचं लिहून येतं, पण तेच उत्तर पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवलं की नुसता आकडा जातो. समोर माणूस आहे की स्क्रिप्ट, हे सीएलआय स्वतःच ओळखतो.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते ‘स्कॅन’पाशी. रेडिस कमांड चालवतो त्या एकाच धाग्यावर, एकामागून एक. पोस्टात एकच खिडकी उघडी असावी तसं. पुढच्याने शंभर पाकिटं काढली की मागचे सगळे खोळंबले. ‘कीज’पुढे तारांकन देऊन साऱ्या नोंदींची नावं, म्हणजे त्यांच्या कीज, मागणं म्हणजे ही शंभर पाकिटं. साध्या लॅपटॉपवर दहा लाख कीज चाळायला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात, असं रेडिसचे दस्तऐवजच सांगतात. ऐकायला किरकोळ, पण तेवढा वेळ बाकी सगळे थांबलेले असतात, आणि कोट्यवधी कीज असल्या की सेकंद मोजावे लागतात.

‘स्कॅन’ हेच काम तुकड्यातुकड्याने करतो. ‘स्कॅन ०’ म्हटलं की थोडी नावं आणि एक आकडा मिळतो. पुढच्या वेळी तो आकडा द्यायचा, शून्य परत आलं की संपलं. पण हे आकडे क्रमाने येत नाहीत. रेडिस नोंदी कप्प्यांच्या टेबलात ठेवतो; ते आठ कप्प्यांचं असेल तर फेरी होते ०, ४, २, ६, १, ५, ३, ७ अशी. रेडिसवर काम करणाऱ्या पीटर नॉर्डहाउसने ही मोजणी उलट्या टोकाच्या बिटपासून केली, कारण नोंदी वाढल्या की टेबल मधेच दुप्पट होतं. सोळा कप्पे झाले की शून्यातला ऐवज ० आणि ८ मध्ये वाटला जातो, आणि नवा क्रम ०, ८, ४, १२ असाच सुरू होतो. म्हणजे पाहून झालेले कप्पे पाहिलेल्यांतच राहतात. सर्व्हर काहीही लक्षात ठेवत नाही. फेरी कुठवर आली ते त्या एका आकड्यात. एखादं नाव दोनदा येईल, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असलेलं सुटणार नाही. सीएलआयचा ‘बिगकीज’ हा पर्याय सर्वांत जाड नोंदी हुडकतो, तो याच ‘स्कॅन’च्या जोरावर.

आता काळजीचं. हे साधन कधीही ‘नक्की ना?’ विचारत नाही. ‘फ्लशऑल’ लिहून एंटर दाबलं की सगळा डेटा जातो आणि उत्तर येतं तेच ‘ओके’. चाचणीचा सर्व्हर आणि खरा सर्व्हर यांच्या प्रॉम्प्टमध्ये फरक फक्त पत्त्याचा. रात्री दोन वाजता तो कोण वाचतो? प्रत्येक कमांड फाइलीत उतरवून ठेवणारं एओएफ चालू असेल आणि ती फाइल मधल्या काळात नव्याने लिहिली गेली नसेल, तर सर्व्हर थांबवून शेवटचा ‘फ्लशऑल’ खोडता येतो. पण हे दोन्ही ‘तर’ जुळून यावे लागतात. येणारी प्रत्येक कमांड दाखवणारा ‘मॉनिटर’ तपासाला मोहक, पण तो एकटा सर्व्हरचं काम निम्म्यावर आणू शकतो. पासवर्ड कमांडलाइनवरच दिला तर सीएलआय इशारा देतो, अडवत नाही.

इथे ‘जपून वापरा’ हा सल्ला कुचकामी आहे. दमलेला माणूस जपून वापरत नाही. रेडिस ६ पासून प्रत्येक वापरकर्त्याला कोणत्या कमांड द्यायच्या हे ठरवता येतं. रोजच्या कामाच्या खात्यातून ‘फ्लशऑल’ आणि ‘कीज’ काढून टाकायला एक ओळ पुरते. सीएलआय सांगितलेलं ऐकणारच, तो त्याचा गुण आहे. काय सांगता येईल याची मर्यादा सर्व्हरवर घालायची असते, आणि ती पहिल्याच दिवशी.