न झालेल्या सिनेमाचा डेटा कुठून आणायचा?

२२ ऑक्टोबर २०१६, शनिवार. मुंबईत मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्यावर एक बैठक झाली. एका बाजूला दिग्दर्शक-निर्माता करण जोहर आणि प्रोड्यूसर्स गिल्डचे मुकेश भट, दुसऱ्या बाजूला मनसेचे राज ठाकरे आणि मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, म्हणजे आपल्या नागपूरचेच. विषय होता 'ऐ दिल है मुश्किल'. या सिनेमात फवाद खान या पाकिस्तानी नटाची छोटीशी भूमिका होती, आणि १८ सप्टेंबरला उरीचा हल्ला झाला होता. बैठकीतून तीन गोष्टी बाहेर आल्या. सिनेमाच्या सुरुवातीला शहीद जवानांना श्रद्धांजलीची पाटी दाखवायची. यापुढे पाकिस्तानी कलाकार घ्यायचे नाहीत. आणि ज्यांनी असे कलाकार आधीच घेतलेत, त्या निर्मात्यांनी सैन्याच्या कल्याण निधीला ५ कोटी रुपये द्यायचे. मग २८ ऑक्टोबरला, दिवाळीत, सिनेमा लागला.

आता तुम्ही संशोधक आहात असं समजा आणि सांगा: इथे सेन्सॉरशिप झाली का?

सेन्सॉर बोर्डाने सिनेमा पास केला होता. राज्य सरकारने बंदी घातली नव्हती. कोर्टाची स्थगिती नव्हती. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर काहीच झालं नाही. 'भारतातील चित्रपट सेन्सॉरशिप' असा विषय घेऊन तुम्ही पीएच.डी.ला बसलात आणि फक्त बोर्डाच्या नोंदी जमवल्यात, तर ही सगळी घटना तुमच्या डेटात 'बंदी नाही' अशी जाईल. आजचा लेख या अडचणीबद्दल आहे. जी गोष्ट नोंदच मागे ठेवत नाही, तिचा अभ्यास करायचा कसा?

आधी कायदा थोडक्यात, कारण तो माहीत नसेल तर पुढचं सगळं हवेत जातं. आपल्याकडे सिनेमा दाखवण्याआधी प्रमाणपत्र लागतं, ते १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने. पुस्तकाला असं लागत नाही. हा फरक घटनेत बसतो का, असा प्रश्न ख्वाजा अहमद अब्बास यांनी सुप्रीम कोर्टात नेला, आपल्या एका लघु माहितीपटावरून. निकाल आला १९७० साली, आणि तो लिहिला सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी. हे नाव नागपूरकरांना परकं नसावं. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, इथेच वकिली केली, लॉ कॉलेजात शिकवलं आणि १९५४ ते ५६ नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी म्हटलं की सिनेमाची आधी तपासणी करणं घटनेला धरून आहे, पण पद्धत न्याय्य हवी. त्याच सुनावणीतून अपिलासाठी वेगळ्या न्यायाधिकरणाची वाट मोकळी झाली. (ते न्यायाधिकरण २०२१ मध्ये बरखास्त झालं. आता निर्मात्याला थेट हायकोर्टात जावं लागतं.)

पण आपल्या प्रश्नासाठी जास्त कामाचा निकाल १९८९ चा आहे, एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम. आरक्षणावरच्या एका तमिळ सिनेमाला प्रमाणपत्र मिळालं होतं, ते मद्रास हायकोर्टाने रद्द केलं. सुप्रीम कोर्टाने परत दिलं, आणि कारण महत्त्वाचं आहे: मोर्च्याच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येत नाही. विरोधकांना आवरणं हे सरकारचं कर्तव्य, 'आम्हाला जमत नाही' ही सबब चालणार नाही. याला इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'हेकलर्स व्हेटो' म्हणतात. मराठीत सांगायचं तर गोंधळ घालणाऱ्याच्या हातात दिलेला नकाराधिकार.

म्हणजे १९८९ पासून कायदा स्पष्ट आहे. तरी २०१६ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या घरी वाटाघाट झाली. फडणवीसांनी नंतर सांगितलं की निधीची अट मान्य करणं सक्तीचं नाही, असं त्यांनी निर्मात्यांना म्हटलं होतं. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनीही काही दिवसांत स्पष्ट केलं की असा निधी स्वेच्छेचा असतो, कोणाची मान पकडून घ्यायचा नसतो. राजकीय बाजू कोणाची बरोबर, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण कायदा आणि घडलेली गोष्ट यांच्यात एवढं अंतर दिसलं, की संशोधकाने तिथे थांबायला हवं. विषय तिथेच असतो.

मग अंतर कुठे पडलं ते शोधायला घटनाक्रम मांडू. २३ सप्टेंबरला मनसेच्या चित्रपट सेनेने पाकिस्तानी कलाकारांना ४८ तासांत देश सोडायला सांगितलं. त्यानंतर निर्मात्यांच्या एका संघटनेने असे कलाकार न घेण्याचा ठराव केला. १४ ऑक्टोबरला सिनेमा ओनर्स अँड एक्झिबिटर्स असोसिएशन ऑफ इंडिया या थिएटरमालकांच्या संघटनेने जाहीर केलं की महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक आणि गोव्यातल्या सिंगल स्क्रीनवर पाकिस्तानी कलाकारांचे सिनेमे लागणार नाहीत. करण जोहरचा व्हिडिओ आला १८ ऑक्टोबरला, ज्यात त्याने यापुढे शेजारच्या देशातले कलाकार घेणार नाही असं सांगितलं. क्रम नीट बघा. निर्माता शेवटी वाकला. त्याच्या आधी थिएटर वाकलं.

याचं कारण हिशेबात आहे. निर्मात्याचे सगळे पैसे त्या एका सिनेमात अडकलेले असतात. थिएटरवाल्यासाठी तो वर्षातल्या कित्येक सिनेमांपैकी एक. एक शुक्रवार गेला तर त्याचं थोडं नुकसान, काचा फुटल्या तर मोठं. म्हणून धमकी देणारा शहाणा असेल तर निर्मात्याच्या दारात जातच नाही, तिकीट खिडकीपाशी येतो.

परदेशातही हेच दिसलं. २०१४ मध्ये सोनीच्या 'द इंटरव्ह्यू' या सिनेमात उत्तर कोरियाच्या नेत्याच्या हत्येची विनोदी गोष्ट होती. २४ नोव्हेंबरला सोनीचे संगणक हॅक झाल्याचं उघड झालं. १६ डिसेंबरला थिएटरांवर हल्ल्याची धमकी आली, मोठ्या थिएटर साखळ्यांनी अंग काढून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी सोनीने प्रदर्शन रद्द केलं. एफबीआयने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं, उत्तर कोरियाने नाकारलं. राष्ट्राध्यक्ष ओबामा जाहीरपणे म्हणाले की सोनीने चूक केली. मग ख्रिसमसला तो सिनेमा तीनशेहून अधिक स्वतंत्र थिएटरांत आणि ऑनलाइन आला.

इथे जरा थांबा. अमेरिकेत माघार घेतली मोठ्या साखळ्यांनी, आणि सिनेमा दाखवला छोट्या स्वतंत्र थिएटरांनी. महाराष्ट्रात २०१६ मध्ये उलटं झालं. सिंगल स्क्रीनवाल्यांनी नकार दिला आणि सिनेमा मल्टिप्लेक्समध्ये लागला, खरं तर तोडफोडीचा इशारा मल्टिप्लेक्सलाही होता. म्हणजे 'लहान धंदेवाला लवकर घाबरतो' हे आपलं सोपं गृहीतक एका झटक्यात पडलं. बरं झालं. माझा अंदाज असा की आकार महत्त्वाचा नसून पत्ता महत्त्वाचा आहे. सिंगल स्क्रीनचा मालक त्याच मोहल्ल्यात राहतो, त्याला नावाने ओळखतात, सिनेमा उतरल्यावरही त्याला तिथेच राहायचं आहे. मल्टिप्लेक्सचा मालक कुठल्या शहरात बसतो हे तिकीट काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अमेरिकेत मात्र साखळ्या मॉलमध्ये होत्या, ऐन सणाची गर्दी होती, आणि काही झालं तर खटले त्यांच्यावर येणार होते. हा अंदाज आहे, सिद्ध झालेला नाही. तुमच्यापैकी कोणी हा विषय घेतला तर मला आवडेल.

आणि तो तपासायला नागपूर चांगली जागा आहे. सिनेमाच्या धंद्याचा नकाशा राज्यांच्या नकाशासारखा नसतो. वितरक देशाचे 'सर्किट' पाडतात, आणि विदर्भ अजूनही 'सी.पी. बेरार' सर्किटमध्ये मोडतो, मुंबई सर्किटमध्ये नाही. प्रांत कधीचा संपला, धंद्याच्या वहीत तो जिवंत आहे. आता एकाच शहरात, एकाच आठवड्यात, त्याच प्रेक्षकांसाठी काही पडद्यांवर सिनेमा लागतो आणि काहींवर नाही. शहर, वेळ, सिनेमा, लोकभावना हे सगळं स्थिर, बदलतो फक्त पडद्याचा प्रकार. प्रयोगशाळेत आपण कंट्रोल ठेवतो तसा हा आयता मिळालेला कंट्रोल. अर्थात पूर्ण स्वच्छ नाही. सिंगल स्क्रीनचा निर्णय संघटनेचा होता, एकेका मालकाचा नव्हता, त्यामुळे नागपूर, अमरावती आणि मुंबईतल्या मालकांची वेगवेगळी भीती त्यात दिसत नाही. ती बघायची तर मालकांना प्रत्यक्ष भेटावं लागेल.

आता सगळ्यात अवघड भाग. आतापर्यंतचे सिनेमे निदान तयार झालेले होते. पण जे झालेच नाहीत त्यांचं काय? आम्ही विज्ञानवाले रिपोर्टमध्ये 'शून्य' आणि 'आढळलं नाही' हे दोन वेगळे शब्द वापरतो. पाण्यात आर्सेनिक आढळलं नाही याचा अर्थ ते नाहीच असा होत नाही. तुमच्या यंत्राच्या मर्यादेखाली ते असू शकतं. 'यंदा एकाही सिनेमावर दबाव आला नाही' या वाक्याचंही तसंच. कदाचित दबाव नसेल. कदाचित तो इतका मुरला असेल की स्क्रिप्ट लिहितानाच लेखकाने ते पात्र काढून टाकलं.

कधी कधी याचा माग सापडतो. हॉलिवूडच्या 'रेड डॉन' (२०१२) मध्ये शत्रू चिनी होते. शूटिंग झाल्यावर स्टुडिओने संगणकावर झेंडे-चिन्हं बदलून त्यांना उत्तर कोरियाचं केलं, चीनची बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून. बदल शूटिंगनंतर झाला म्हणून तरी आपल्याला कळलं. तो कागदावरच झाला असता तर कोणाला पत्ता लागला असता? म्हणून अशा विषयात तयार सिनेमापेक्षा मधले टप्पे जमवा: स्क्रिप्टचे आधीचे मसुदे, घोषणा होऊन गायब झालेले प्रकल्प, बदललेली नटमंडळी, पुढे ढकललेल्या तारखा, करारातली नवी कलमं.

आणखी एक सवय लावून घ्या. लोक जे कारण सांगतात त्याला गृहीतक समजा, निष्कर्ष समजू नका. माघार घेणारे नेहमी म्हणतात, 'वाद मिटावा म्हणून केलं.' खरंच मिटतो का? पुण्याचं उदाहरण बघा. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावर आक्षेप आले, तेव्हा ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने नोव्हेंबर २००३ मध्येच ते भारतातून मागे घेतलं. भांडारकर संस्थेवर हल्ला झाला ५ जानेवारी २००४ ला. सरकारची बंदी त्याच्याही नंतरची, आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टात ती टिकली नाही. म्हणजे पुस्तक मागे घेतल्यानंतर हिंसा झाली. एका उदाहरणावरून नियम होत नाही, पण 'वाकलं की शांतता' हे गृहीतक तरी त्याने हललं.

आणि कोर्टात जिंकलं म्हणजे सिनेमा लागला, हेही गृहीत धरू नका. 'पद्मावत'चा सेट मार्च २०१७ मध्ये पन्हाळ्याजवळ जाळला गेला. जानेवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांच्या बंदीला स्थगिती दिली. तरी मल्टिप्लेक्सवाल्यांच्या संघटनेने राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि गोव्यात तो न दाखवण्याचं ठरवलं. यावेळी मल्टिप्लेक्स मागे हटले. माझ्या पत्त्याच्या अंदाजाला हा धक्का आहे, हे मला दिसतंय.

तुम्ही तक्ता करायला बसाल तेव्हा खरी परीक्षा ही नोंद भरताना होईल. 'द लेजंड ऑफ मौला जट' हा पाकिस्तानी सिनेमा २ ऑक्टोबर २०२४ ला भारतात येणार होता. राज ठाकरेंनी महाराष्ट्रात लागू देणार नाही असं जाहीर केलं, आणि तो देशात कुठेच लागला नाही. फवाद खानचाच 'अबीर गुलाल' ९ मे २०२५ ला येणार होता. त्याला मनसेचा विरोध एप्रिलच्या सुरुवातीला आला, पहलगामचा हल्ला २२ एप्रिलला झाला, आणि सिनेमा इथे आला नाही. 'कारण' या रकान्यात काय लिहाल? धमकी, युद्धाचं वातावरण, सरकारची अनिच्छा, की निर्मात्याचा हिशेब? मी माझ्या वहीत कारणाचा एक रकाना ठेवलाच नाही. चार ठेवलेत: विरोध कधी आला, कोणाकडून आला, थिएटरांनी काय केलं, सरकारने काय केलं. प्रत्येकापुढे तारीख. 'अबीर गुलाल'च्या ओळीत शेवटच्या दोन रकान्यांपुढे पेन्सिलीने लिहिलंय, कारण तिथे अजून पक्का कागद हातात नाही.